बँकॉक आणि डावा डोळा

काशीला जातो म्हटलं की लोक हात जोडतात. दुबईला जातो म्हटलं की सोन्याचा भाव निघतो. सिंगापूर म्हटलं की 'येताना काय आणणार?' असा प्रश्न येतो. पण नगरच्या चितळे रोडवर उभं राहून 'बँकॉकला जातोय' असं एकदा म्हणून पाहा. समोरचा माणूस काही बोलत नाही. त्याचा फक्त डावा डोळा बंद होतो.

हा प्रयोग मी जाण्याआधी सलग दीड महिना केला. पानवाल्याने डोळा मिचकावला, शिंप्याने मिचकावला. रजेच्या अर्जावर सही करताना साहेबांनी मिचकावला. मला बाराखडी शिकवणारे गुरुजी आता पंचाऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांनीसुद्धा तोच डोळा मिचकावला. ऑपरेशन यशस्वी झाल्याचं मला तेव्हा कळलं.

ह्या डोळ्याविरुद्ध मला आज लिहायचं आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे जमा-खर्चात मांडल्याशिवाय मला कुठलाही राग नीट येत नाही. तेव्हा खातं उघडूनच बोलतो.

आमच्या शाखेत आम्ही चौदा माणसं. नऊ पुरुष, पाच बायका. शिपाईमामा ह्या नवांतले. तीन वर्षं दरमहा माणशी दीड हजार रुपये आम्ही सहलीच्या फंडात टाकले. छत्तीस महिन्यांचे माणशी चोपन्न हजार झाले, एकूण सात लाख छप्पन्न हजार. हा हिशेब आमच्या हेड कॅशियरबाईंनी ठेवला. तीन वर्षांत त्यांनी एकाचाही हप्ता चुकू दिला नाही. माझा तर पगार जमा झाल्याचा मेसेज यायच्या आधी त्या समोर येऊन उभ्या राहत.

इथे एक खुलासा करतो. बँकवाले परदेशी जातात म्हटलं की लोकांना वाटतं, बँकेच्या पैशाने. हा संशय अगदीच निराधार नाही. रजा प्रवास सवलतीवर एका मोठ्या सरकारी बँकेची काही मंडळी दिल्लीहून मदुराईला निघाली होती, आणि वाटेत त्यांना कोलंबो, क्वालालंपूर आणि सिंगापूर लागलं! भूगोलात मी कच्चा आहे, पण दिल्ली-मदुराई रस्त्यावर सिंगापूर येत नाही एवढं मलाही कळतं. सर्वोच्च न्यायालयालाही कळलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की ही सवलत भारतातल्या भारतात, जवळच्या रस्त्याने जाण्यासाठी आहे. परदेशाची चक्कर घातली तर करमाफी नाही. आमची सहल मात्र निखळ स्वखर्चाची होती, आणि त्या खर्चातला प्रत्येक रुपया बाईंच्या वहीत होता.

ठिकाण ठरवायला एका शनिवारी कॅश बंद झाल्यावर बैठक बसली. बायका आत तिजोरीच्या कामात होत्या. बँकॉकचं नाव निघालं. आठ डोळे मिटले. (आठ डोळे म्हणजे आठ माणसं. मामा चहा आणायला गेले होते.)

"मग जेन्ट्स-जेन्ट्सच जाऊ," कर्जखात्याचे साहेब म्हणाले. "जरा मोकळेपणा राहतो."

"आणि लेडीज?"

"त्यांना महाबळेश्वर करू की! स्ट्रॉबेरी असते."

एवढ्यात बाई वही घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मोकळेपणा म्हणजे नक्की काय काय करणार आहात? वहीत खर्चाचं नाव लिहावं लागतं, म्हणून विचारते."

कोणी बोलेना. तुम्ही विचाराल, त्या वेळी तुम्ही काय करत होता? मी एका व्हाउचरकडे अतिशय बारकाईने पाहत होतो. व्हाउचर कोरं होतं. बाईंचे चोपन्न हजार आणि माझे चोपन्न हजार ह्यांत एका पैशाचा फरक नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. कारण मिटलेल्या आठ डोळ्यांत एक माझाही होता. तेव्हा ह्या खात्यात पहिली खर्चाची नोंद माझ्याच नावावर आहे.

आता मुद्द्याकडे या. आमचं गाव कोणतं? मोगल दारात आले तेव्हा १५९५-९६ साली जिथला किल्ला चांदबिबीने लढवला, ते. जिल्हा कोणता? जामखेड तालुक्यातल्या चौंडीला अहिल्यादेवी जन्मल्या, तो. २०२४ साली सरकारने आमच्या नगरचं नाव अहिल्यानगर केलं. काशीपासून रामेश्वरापर्यंत जिने घाट आणि देवळं बांधली, तिचं नाव आम्ही गावाला देतो; आणि त्याच गावात चौदा माणसांच्या सहलीत पाच बायका नकोत, कारण म्हणे मोकळेपणा राहत नाही! पाटी बदलायला एक अधिसूचना पुरली. डोळ्यासाठी मात्र अजून अधिसूचना निघायची आहे.

शेवटी चौदाच्या चौदा जण गेलो. बाईंनी अटच घातली : सगळे नाहीतर कोणीच नाही, ज्याचे त्याला पैसे परत. परत मिळालेले पैसे घरी द्यावे लागले असते. साहेबांनी तडजोड केली.

घरी मात्र निराळाच प्रकार. समोरच्या काकू मुद्दाम येऊन बायकोला सांगून गेल्या, "तू काळजी करू नकोस हो." तोवर तिने काळजीला सुरुवातही केली नव्हती. त्या रात्री तिने सुरुवात केली. माझा धोबी, माझा पानवाला, माझे गुरुजी ह्यांनी गंमत म्हणून मिटलेल्या डोळ्यांचं व्याज असं माझ्या घरी जमा झालं. थट्टा करणारा थट्टा करून निघून जातो. बिल भलताच भरतो.

नगरहून मुंबईच्या विमानतळावर पोचायला आम्हांला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात मुंबईहून बँकॉक आलं. मामांच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, साहेबांच्या पिशवीत अर्ध्या चड्ड्या आणि बाईंच्या पिशवीत वही. सुवर्णभूमी नावाच्या विमानतळावर समोर पाहतो तो काय, भलंमोठं समुद्रमंथन! वासुकीला एकीकडून देव ओढताहेत, दुसरीकडून दानव, आणि वर विष्णू उभा. मामांनी चपला काढल्या. सुरक्षारक्षकाने त्या त्यांना पुन्हा घालायला लावल्या.

आमचा वाटाड्या थाई होता, पण कामापुरतं हिंदी बोलत असे. त्याच्याकडून कळलं की बँकॉकला तिथले लोक बँकॉक म्हणतच नाहीत. ते म्हणतात क्रुंग थेप महानखोन. देवांचं शहर, महानगर! पुढे नाव इतकं लांब आहे की ते जगातलं सर्वांत लांब गावाचं नाव समजलं जातं. त्यात इंद्र आहे, विश्वकर्मा आहे, अयोध्यासुद्धा आहे. आम्ही नगरचे आणि ते महानगरचे. हे नातं कळल्यावर चेहऱ्यांवर जरा आपलेपणा आला. पुढे रस्त्यात एका इमारतीवरची पाटी वाचून तो म्हणाला, "थनाखान."

"म्हणजे?"

"बँक."

धनागार! वीस वर्षं मी बँकेत काम करतो आणि माझ्या ऑफिसचं इतकं भारदस्त नाव मला बँकॉकात कळलं.

वाट फो देवळात शेहेचाळीस मीटर लांबीचा बुद्ध आडवा पहुडलेला आहे. नुसत्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडणकामात एकशे आठ शुभचिन्हं. भिंतीकडेने ब्राँझची एकशे आठ भांडी मांडलेली. सुट्टी नाणी विकत घ्यायची आणि एकेका भांड्यात एकेक टाकत जायचं. आम्ही सगळ्यांनी भराभर टाकली. कोणाची नव्वदाव्या भांड्याशी संपली, कोणाची बारा उरली. बाईंचं शेवटचं नाणं शेवटच्या भांड्यात पडलं. त्या म्हणाल्या, "टॅली झालं." तीन वर्षांत प्रथमच मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं. आता सांगा, बाईंना महाबळेश्वरला पाठवलं असतं तर हे कोणी पाहिलं असतं?

राजवाड्यात साहेबांना दारातच अडवलं. अर्ध्या चड्डीला प्रवेश नाही! मोकळेपणासाठी आणलेलं एकमेव साहित्य असं जप्त झाल्यासारखं झालं. बाहेरून मोठाल्या फुलांची विजार विकत घेऊन ते आत आले. तिथल्या देवळाच्या ओवऱ्यांत सबंध रामकथा रंगवलेली आहे. ते तिला रामकियन म्हणतात. त्यांच्या कथेत मारुती ब्रह्मचारी नाही. त्याला बायका आहेत, आणि रावणाच्या मत्स्यकन्येपासून झालेला मुलगाही आहे. हे ऐकून साहेबांचा डावा डोळा सवयीने मिटला. पण समोर मामा मारुतीला हात जोडून उभे होते, म्हणून तो त्यांनी पुन्हा उघडला.

तिसऱ्या रात्री मात्र साहेब आणि आणखी दोघे जेवणानंतर 'जरा पाय मोकळे करायला' निघाले. मला म्हणाले, चल. मी गेलो. खोटं कशाला सांगू? झगझगीत दिव्यांची गल्ली होती. दारात उभी असलेली एक मुलगी हातातला कागद पुढे करत होती. साहेबांनी कागद घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या पिंकीएवढी असेल रे." पिंकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे कोणी काही बोललं नाही. अर्ध्या तासात आम्ही हॉटेलवर परत. लिफ्टपाशी बाई भेटल्या. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वाटाड्याला मी त्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, असल्या कामाला, हॉटेलच्या कामाला, टॅक्सीला, बांधकामाला पुष्कळ माणसं इसानची येतात. इसान म्हणजे त्यांचा ईशान्येचा भाग. जमीन कोरडी, पाऊस लहरी. मुलं मागे आजीकडे ठेवायची आणि इथून पैसे पाठवायचे. हे ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे आपलं पाथर्डीच की!" पाथर्डीहून माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मुलं म्हाताऱ्यांकडे ठेवून. त्यांचे पैसे आमच्याच काउंटरवरून गावाकडे जातात. त्यांच्याकडे पाहून आम्ही कधी डोळा मारला आहे का?

कोणी म्हणेल, अहो, पण बँकॉकात तसलं काहीच नाही का? आहे की! ते मी नाकारत नाही. पण दुकान तिथे आहे म्हणताना गिऱ्हाईक कुठलं, हे कोण सांगणार? लाखो माणसांच्या कष्टाच्या महानगराला आपण एका गल्लीच्या नावाने ओळखतो आणि त्या गल्लीत उभी राहणारी मात्र आपलीच माणसं. डोळा मिटायचा आपण आणि बदनामी त्यांची! हा कुठल्या जमा-खर्चात बसतो?

परत आल्यावर बाईंनी हिशेब लावला. माणशी आठशे चाळीस रुपये परत मिळाले. वहीत 'मोकळेपणा' ह्या नावाखाली एकच रक्कम होती : साहेबांची फुलांची विजार.

दोन दिवसांनी बँक सुटल्यावर बाई आणि मी पानवाल्याकडे उभे होतो. त्यांना बडीशेप हवी होती. पानवाल्याने मला पाहिलं, "काय, कसं काय बँकॉक?" म्हणाला आणि डावा डोळा मिटला.

ह्या खेपेला माझ्या हातात व्हाउचर नव्हतं. मी म्हटलं, "छान आहे. ह्या बाईंना विचार, आम्ही बरोबरच होतो."

पानवाला बाईंकडे पाहतच राहिला. डोळा तसाच अर्धवट मिटलेला. बाई थोड्या पुढे झुकल्या आणि काळजीने म्हणाल्या, "काय हो, डोळ्यात चुना गेला का?"