नशिबाच्या खात्यावर

हौशी सायकलस्वाराचं चाक रोड रेसमध्ये फुटलं की आयोजक पाठीवर हात ठेवून म्हणतात, "बॅड लक!" मित्रांनो, मला हा शब्द मान्य नाही.

१९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये तूर्मालेच्या घाटात यूजीन क्रिस्तोफच्या सायकलचा फोर्क तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो खालच्या गावापर्यंत चालत गेला आणि लोहाराच्या भट्टीवर त्यानं स्वतः फोर्क जोडला. भाता एका पोरानं ओढला, म्हणून वर वेळेचा दंड! फोर्क तुटणं नशीब असेल. दंड मात्र माणसांनी लिहिलेल्या नियमाचा होता. आज मोठ्या शर्यतींत सुटी चाकं घेऊन गाडी मागे असते. हेही माणसांनीच केलं.

उत्तरेतल्या एका पोस्टिंगवर आमचा एक जवान अशाच शर्यतीत उतरला होता. वळणावरच्या काचा कुणी झाडल्या नव्हत्या. टायर चिरला. मागच्या गाडीत फक्त पाण्याच्या बाटल्या. उरलेले ११ किलोमीटर तो सायकल ढकलत आला, पण शर्यत त्यानं सोडली नाही. शेवटी त्यालाही तेच ऐकवलं, "बॅड लक!"

फौजेत अपघात झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. तिथे 'नशीब' म्हणून कुणी सुटत नाही. प्रवेश शुल्क घेणाऱ्यांनाही हाच न्याय लावा. रस्ता झाडा, वळणावर माणूस उभा करा, गाडीत चार चाकं ठेवा. एवढं करूनही टायर फुटला, तर खुशाल नशिबाला बोल लावा.