प्रागमधला लाल सोमवार

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत आपल्या घरांतून जानेवारीतच शिजू लागतात. वर्तमानपत्राच्या पानापानावर सहलींच्या जाहिराती झळकतात. नऊ दिवसांत सात देश, तेरा दिवसांत दहा देश. बँकेत चौतीस वर्षं काढल्यामुळे असा आकडा दिसला, की माझा हात आपोआप भागाकाराकडे वळतो. नऊ भागिले सात. त्यातून विमानाचे दोन दिवस वजा करा. देशागणिक एक दिवस उरतो आणि तोही बहुतेक बसमध्ये जातो. मोठ्यांना निदान 'पाहून आलो' असं सांगता येतं. बरोबरच्या आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या पदरात काय पडतं? खिडकीतून मागं पळणारी झाडं आणि रात्री हॉटेलात आयता आलेला वरण-भात.

मुलांना घेऊन जायचंच असेल, तर एक शहर धरावं, तिथं चार-पाच दिवस मुक्काम ठोकावा आणि जमलं तर तिथल्या लोकांचा एखादा सण गाठावा, असं माझं मत आहे. युरोपात वसंत ऋतूतला असा सण म्हणजे ईस्टर. शहरं पुष्कळ आहेत. मी सुचवेन ते प्राग. माझी मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला राहते आणि तिथून प्राग आगगाडीनं अडीच तासांच्या आत-बाहेर. आधी एल्ब नदीच्या काठानं, मग व्लतावाच्या. त्यामुळं नातवंडांबरोबर दोन ईस्टर तिथं काढण्याचा योग आला.

तारखेचं गणित आपल्याला परकं वाटू नये. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळं हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठंही पडतो. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला होती आणि ईस्टर २० ला. २०२४ साली मात्र होळी पेटली २४ मार्चला आणि पुढच्याच रविवारी, ३१ ला, ईस्टर झाला. म्हणजे कधी आपल्या हनुमान जयंतीचा चंद्र, कधी होळीचा. आजोबांनी कालनिर्णय पुढ्यात घेऊन नातवंडांना एवढं समजावलं, तर सहलीची निम्मी तयारी झाली.

गंमत अशी, की ज्या देशात हा सण इतक्या हौसेनं होतो, तो देश फारसा देवधर्म मानणारा नाही. २०२१ च्या जनगणनेत झेक प्रजासत्ताकातल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं आणि सुमारे तीस टक्क्यांनी तो रकाना कोराच सोडला. कम्युनिस्ट राजवटीत गुड फ्रायडेची सुट्टी यादीतून गेली, ती २०१६ साली परत आली. ईस्टरनंतरच्या सोमवारची सुट्टी मात्र कधी गेलीच नाही. प्रार्थनेचा दिवस सरकारला नको होता. छडीचा दिवस लोकांनी सोडला नाही. छडीकडे मी येणारच आहे.

त्या आठवड्यातल्या दिवसांची नावं मुलांना फार आवडतात. निळा सोमवार, राखाडी मंगळवार, मग 'कुरूप बुधवार'. या बुधवारी जो कपाळाला आठ्या घालील, त्याच्या कपाळावर वर्षभर दर बुधवारी आठ्या राहतील, अशी समजूत. आमच्या नातवानं त्या दिवशी आपल्या बापाला सकाळपासून हैराण केलं. मग हिरवा गुरुवार. त्या संध्याकाळी चर्चच्या घंटा 'रोमला उडून जातात' आणि शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प राहतात. खेड्यांतून त्या दिवसांत मुलं लाकडी खुळखुळे करकरवत हिंडतात; प्रागमध्ये ते बाजारात विकत मिळतात. आम्ही एक घेतला. तो विमानात बॅगेच्या तळाशी ठेवावा, एवढीच माझी सूचना. शुक्रवारला ते 'मोठा शुक्रवार' म्हणतात, शनिवार पांढरा, आणि ईस्टरनंतरचा सोमवार लाल.

बाजार जुन्या शहराच्या चौकात भरतो, शिवाय वेन्सेस्लास चौकात आणि 'नामेस्ती मीरू' म्हणजे शांतता चौकातही. सणाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून लाकडी टपऱ्या मांडतात, झाडांना रंगीत फिती आणि पोकळ अंडी टांगतात. जुन्या चौकात गर्दी फार. सन १४१० चं ते प्रसिद्ध घड्याळ तिथंच आहे. दर तासाला खिडक्या उघडून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरताना दिसतात आणि खाली दोनशे माणसं हात वर करून फोन धरतात. मुलांना एकदा दाखवावं आणि शांतता चौकाकडे चालू लागावं. तिथं स्थानिक माणसं जास्त, भाव जरा बरे.

खरा ऐवज म्हणजे रंगवलेली अंडी, 'क्रास्लित्से'. प्रदेशागणिक तऱ्हा वेगळी. हाना भागात अंड्यावर गव्हा-सातूच्या काडाचे तुकडे चिकटवून नक्षी करतात. कुठं गडद रंगावर टोकदार पात्यानं कोरतात, कुठं तारेनं विणतात. मुलांना जमण्यासारखी रीत मेणाची. कच्च्या अंड्याला दोन्ही टोकांना भोकं पाडून आतलं फुंकून बाहेर काढायचं. पेन्सिलीच्या टोकाला टाचणी खोचायची, तिचं डोकं वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठिपके आणि रेघा ओढायच्या. मग अंडं पिवळ्या रंगात. वाळलं, की जिथं पिवळं राहायला हवं तिथं मेण. मग लाल रंगात, पुन्हा मेण, शेवटी काळ्यात. अखेरीला मेणबत्तीजवळ धरून सगळं मेण पुसून काढायचं, की खालचे रंग एकदम वर येतात. यात डोकं उलटं चालवावं लागतं. जे पांढरं ठेवायचं, ते सर्वांत आधी झाकायचं. आमच्या दहा वर्षांच्या नातीला हे पहिल्या अंड्यात उमगलं. मला तिसऱ्यात, आणि तिसरं माझ्या हातात फुटलं.

बाजारात अशा शिकवण्या चालतात. नातीला शिकवणाऱ्या आजीबाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांना मोडकं जर्मन येत होतं, मुलीला चांगलं येतं, त्यामुळं आमचं बोलणं तिच्या मध्यस्थीनं चालू होतं. एका अंड्याला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात आम्ही राजवाडा पाहिला असता, असं जावईबापू म्हणाले. राजवाडा दुसऱ्या दिवशी पाहिला. तो नातीला आता आठवत नाही.

ज्यांच्या घरी अंडं चालत नाही, त्यांनी मात्र खाण्याच्या बाबतीत सावध असावं. 'माझानेत्स' हा बेदाण्यांचा गोड पाव, मेंढीच्या साच्यात भाजलेला 'बेरानेक' हा केक, दोन्हींत अंडं असतं. 'नादिव्का' नावाच्या भाजलेल्या पदार्थात तर खारवलेलं मांसही. टपरीटपरीवर निखाऱ्यावर फिरवत भाजतात ते 'त्रदेल्निक' जुना झेक पदार्थ म्हणून विकलं जातं, पण त्याचं नातं शेजारच्या स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाशी आहे. युरोपीय संघानं २००७ साली त्याच गावाच्या नावानं त्याला संरक्षण दिलं. मुलांना याच्याशी कर्तव्य नसतं. साखर-दालचिनी लावलेलं गरम काहीतरी हातात असलं, की झालं.

आता थोडं पैशांचं, कारण परकीय चलनाच्या टेबलावर मी सात वर्षं बसलो आहे. तिथं युरो नव्हे, कोरुना चालतो. चौकाच्या आसपास 'कमिशन नाही' अशा पाट्यांची चलनबदलीची दुकानं दिसतील. कमिशन नसतं, हे खरं. ते दरातच कापून घेतलेलं असतं. पाटीवरचा विक्रीचा दर पाहू नका. आपल्याला लागू पडतो तो खरेदीचा. मोजून हातात किती पडणार, हे आधी कागदावर लिहून मागा. एवढं करूनही गफलत झालीच, तर १ एप्रिल २०१९ पासून तिथं एक चांगला कायदा आहे. एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. असाच दुसरा प्रकार भट्टीवरच्या हॅमचा. पाटीवरचा भाव शंभर ग्रॅमचा असतो, विक्रेता सुरी चालवतो आपल्या मर्जीनं, आणि ताटलीत पडतं तीनशे ग्रॅम. 'शंभर' असं आधी बोटानं दाखवावं.

आता सोमवार.

अंड्यांच्या टपरीशेजारी वेताच्या कामाची टपरी होती. तिथं वाळुंजाच्या ओल्या फांद्यांच्या वेण्या घातलेल्या छड्या टांगलेल्या होत्या, हातभर लांबीच्या आणि पुरुषभर उंचीच्याही. तिला 'पोमलाझ्का' म्हणतात. शब्द 'तरुण करणं' यावरून आलेला. लाल सोमवारी सकाळी मुलगे आणि पुरुष घरोघर जातात, गाणं म्हणतात आणि बायका-मुलींच्या पायांवर या छडीनं हलके फटके देतात. ताज्या फांदीतला जिवंतपणा तिच्या अंगात उतरावा, वर्षभर ती ताजीतवानी राहावी, हा भाव. मग तिनं त्याला रंगवलेलं अंडं द्यायचं आणि छडीला रंगीत फीत बांधायची. मोठ्या पुरुषांच्या हातात दारूचा छोटा पेला पडतो. दहा घरं झाली, की त्यांचं काय होत असेल, याची कल्पना धुळवड पाहिलेल्या माणसाला सहज करता येईल.

मुलीनं हे सगळं मराठीत सांगितलं. नात छड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मारही तिनंच खायचा आणि अंडंही तिनंच द्यायचं?"

सहलीच्या माहितीपत्रकात या प्रश्नाला उत्तर नसतं. तिथं रंगीत पोशाखातल्या हसऱ्या मुलींचं छायाचित्र असतं. मोठी माणसं अशा वेळी दोनपैकी एक करतात. 'ते लोक तसलेच' म्हणून मोकळी होतात किंवा 'किती गोड प्रथा' म्हणून फोटो काढतात. मला आमची शाखा आठवली. होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडच्या मुली लोकलच्या दाराशी उभ्या राहत नसत, खिडकीची जागा मिळाली तरी घेत नसत. रुळांलगतच्या वस्त्यांतून पाण्याचे फुगे यायचे. फेकणारा म्हणे, सण आहे. कोणाचा डोळा सुजला, तरी सणच असे. तेव्हा प्रागच्या टपरीपुढं उभं राहून मी कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

मुलीनं तो प्रश्न तसाच अंडीवाल्या आजीबाईंना विचारला. मला जरा संकोच वाटला, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हातातलं अंडं खाली ठेवलं. लहानपणी आपण सोमवारी पहाटे माळ्यावर लपत असू, असं त्या म्हणाल्या. वडील समजूतदार होते, नुसती छडी टेकवायचे. चुलतभाऊ नव्हते समजूतदार. आता शहरात पुष्कळ घरांतून हे होतच नाही, लोक आपल्या गावाकडच्या झोपडीवजा घरांत सुट्टीला निघून जातात. काही ठिकाणी दुपारनंतर बायकांची पाळी असते, त्या पुरुषांवर पाणी ओततात. आणि त्यांची स्वतःची नात? ती गेल्या दोन वर्षांपासून दारच उघडत नाही. रंगवलेल्या अंड्यांची टोपली उंबऱ्याबाहेर ठेवते. ज्याला हवं त्यानं न्यावं. "आणि तुम्हाला कसं वाटतं?" मुलीनं विचारलं. त्या म्हणाल्या, टोपलीतली अंडी मीच रंगवून देते.

मुलांना सण दाखवायचा, तर असा दाखवावा, त्याच्या खरकट्या बाजूसकट. आमची नात दुसऱ्या दिवशी आठ फांद्यांची वेणी घालायला शिकली, भावापेक्षा नीट घातली आणि ती छडी त्याच्या हातात द्यायला साफ नकार दिला.

बाकीचं थोडक्यात. सोमवारी मोठी दुकानं कायद्यानं बंद असतात. दूध-पाव रविवारीच आणून ठेवावा. रविवारी सकाळी सेंट व्हिटस कॅथेड्रल फक्त उपासनेसाठी उघडं असतं. जायचं असेल, तर मागं शांत उभं राहावं, कॅमेरा खिशात. ट्रोया भागातलं प्राणिसंग्रहालय १९३१ सालचं असून वर्षाचे ३६५ दिवस उघडं राहतं. जगभरातल्या प्रझेवाल्स्की जातीच्या रानघोड्यांची वंशावळ तिथं लिहून ठेवतात. पाऊस आला, तर लेटना टेकडीवरचं राष्ट्रीय तंत्रसंग्रहालय. त्यातल्या जुन्या मोटारी, विमानं आणि वाफेच्या इंजिनांपुढून मुलं हलत नाहीत. ऊन पडलं, तर पेत्र्झीन टेकडी. तिथला १८९१ सालचा लोखंडी मनोरा २९९ पायऱ्यांचा आहे, शेजारी आरशांचं भुलभुलैयाघर आहे आणि एप्रिलच्या मध्याला उतारावरची चेरी फुललेली असते. हवेवर भरवसा नको. एकाच दिवसात ऊन, पाऊस आणि बर्फाचे चार कण आम्ही पाहिले. कानटोपी घ्यावी, तिथल्या आज्याही घेतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ट्राम आणि मेट्रो फुकट. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ असावा.

२०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे बऱ्याच शाळांच्या परीक्षांच्या तोंडावर. २०२८ साली तो १६ एप्रिलला आहे, ते अधिक सोयीचं. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. तो मुदतीच्या शेवटापर्यंत ठेवू नये. जाताना घरातला अंड्यांचा एक रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे बरोबर न्या. पोकळ अंडी त्यात ठेवून, मध्ये मोजे कोंबून, हातातल्या पिशवीतूनच आणायची. आम्ही सहा आणली, पाच शाबूत पोचली.