आशुतोष मेला, म्हणून काय झालं?

मार्च २०२४ मध्ये स्टार प्रवाहवरच्या ‘आई कुठे काय करते’ या मालिकेत दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. नायिका अरुंधतीचा दुसरा नवरा आशुतोष केळकर अपघातात गेला, आणि संध्याकाळी साडेसातची मालिका उठून दुपारी अडीचला जाऊन बसली. वेळ बदलली त्याची कुरकुर झाली, पण आशुतोष गेला त्याचा भडका उडाला. मालिका आता बंदच करा, एका बाईचं सुख लेखकांना बघवत नाही का, इथपर्यंत लोक बोलले.

दुपारी अडीच ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत कामाची वेळ. चांदीच्या या गावात पैंजणाचं काम कारखान्यात सुरू होतं आणि कितीतरी घरांत, सोप्यात बसलेल्या बायकांच्या हाती पुरं होतं. कड्या जोडायच्या, घुंगरं बसवायची. हात आणि डोळे चांदीत, कान टीव्हीकडे. अशा घरात पात्र मेलं की चर्चा होणारच. आणि ती झाली की हसणारेही ठरलेले: घरातला शिकलेला मुलगा, वर्तमानपत्रातला विनोदी सदरवाला, ‘आम्ही मालिका बघत नाही’ हे अभिमानानं सांगणारा पाहुणा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, या बायकांना खरं-खोटं कळत नाही, खऱ्या माणसांसाठी न येणारे अश्रू त्या पडद्यावरच्या माणसासाठी ढाळतात, आणि वाहिनीच्या धंद्याला भुलतात.

पहिला आरोप पाच मिनिटंही टिकत नाही. ज्याला खरं-खोटं कळत नाही तो माणूस मरण आलं की नशिबाला किंवा देवाला बोल लावतो. आशुतोष गेल्यावर लोकांनी बोल लावला तो लेखकाला आणि वाहिनीला. कथानक अडलं म्हणून मारला का, टीआरपीसाठी मारला का, कलाकाराला दुसरं काम मिळालं का, असे त्यांचे प्रश्न होते. हे प्रश्न भाबड्या माणसाला सुचत नाहीत. बांधकाम कुठं कच्चं राहिलं ते ओळखणाऱ्यालाच ते सुचतात.

शिवाय हुपरीच्या टापूला हे शिकवायला कुणी जावं? कोल्हापूरहून हुपरीकडे येताना वाटेत वसगडे लागतं. झी मराठीच्या ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण याच गावात होई. मालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिचा नायक राणादा याचा वाडा बघायला लांबून लांबून लोक येऊ लागले. पंचक्रोशीनं दिवे, कॅमेरे, पुन्हा पुन्हा होणारं एकच दृश्य, दोन दृश्यांच्या मध्ये चहा पिणारे नट, सगळं डोळ्यांनी पाहिलं. २०१९ मध्ये त्याच मालिकेत राणादा मेल्याचं दाखवलं तेव्हा लोक चिडले. राणादा रंगवणारा हार्दिक जोशी जिवंत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी चिडले. पुढे तोच हार्दिक जोशी ‘राजा राजगोंडा’ या नावानं परत पडद्यावर आला, तेव्हा आपला राग अस्थानी नव्हता हेही त्यांना कळलं. आपल्याला रडवण्यापुरतंच हे मरण होतं!

दुसरा आरोप जास्त कडू आहे आणि जास्त खोटाही. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, गावंच्या गावं पाण्यात गेली. तेव्हा जिल्हाभर गावोगाव चुली पेटल्या आणि भाकऱ्यांच्या चवडी पूरग्रस्तांकडे निघाल्या. भाकऱ्या भाजणारे हात आणि संध्याकाळी मालिका लावणारे हात वेगळे नव्हते. पडद्यावरच्या मरणानं कुणाची करुणा खर्ची पडत नाही.

आता जरा मागे जाऊ. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, ते राम गणेश गडकरी गेल्यानंतर महिनाभरात. बालगंधर्वांच्या सिंधूला मरताना बघून नाट्यगृहं रडली. लुगडं नेसलेला हा पुरुष आहे, पडदा पडल्यावर तो उठून तोंडाचा रंग पुसणार आहे, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्या रडण्याची नोंद मराठी नाट्यइतिहासानं गौरवानं केली, आणि करुणरसाच्या आस्वादाचा दाखला म्हणून ती शिकवलीही जाते. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ हा चित्रपट आला. अलका कुबलांच्या लक्ष्मीसाठी तालुक्याच्या टॉकीजमध्ये बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या, आणि तेच रडणं टिंगलीचा विषय झालं. रडण्याची जात बदलली नव्हती, रडणाऱ्याची पायरी बदलली होती. दिवाणखान्यातल्या रसिकाला जे भूषण, ते सोप्यातल्या बाईला खुळेपण, असा हा न्याय आहे. टीकेतली ही खरी लबाडी.

तिसरा आरोप मात्र झटकून टाकता येत नाही. मालिका हा धंदा आहेच. नट करार सोडून जातो, प्रेक्षकसंख्या घसरते, मग एखादा अपघात लिहावा लागतो. शेरलॉक होम्सला कंटाळून आर्थर कॉनन डॉयलनं १८९३ मध्ये त्याला धबधब्यात ढकललं, वाचक संतापले, आणि शेवटी १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. (शोकासाठी लंडनकर काळ्या फिती बांधून फिरले ही गोष्ट बहुधा मागाहून रचलेली आहे. वाचकांचं हसं करायची हौस तिकडेही जुनीच.) आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’तला मिहीर विराणी मेला, देशभर गहजब झाला, आणि मिहीर परत आला. इथे हसणाऱ्यांचा एक मुद्दा मान्य केला पाहिजे. मेलेल्याला परत आणा ही मागणी चुकीची आहे. ती पुरवली की पुढचं प्रत्येक मरण फुसकं होतं, आणि मग वाहिन्यांना मोकळं रान मिळतं. स्मृतिभ्रंश, हुबेहूब दिसणारा माणूस, नाहीतर थेट पुनर्जन्म. कोल्हापूरच्याच शिर्के-पाटलांची गोष्ट सांगणाऱ्या ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’मध्ये गौरी आणि जयदीप मेले, काळानं पंचवीस वर्षांची उडी मारली, आणि तेच दोन चेहरे नव्या नावांनी समोर आले. आणि खलनायिका रंगवणाऱ्या नटीला शिव्या लिहून पाठवणारे प्रेक्षकही असतात. त्यांची बाजू घ्यायचं कारण नाही.

पण राग येणं आणि परत आणायला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेक्षकाला मरण चालतं, हे ‘रात्रीस खेळ चाले’नं दाखवून दिलं आहे. २०१६ मध्ये ती मालिका सुरूच झाली अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. कुणी तक्रार केली नाही, उलट मेलेल्या अण्णांबद्दलच कुतूहल इतकं वाढलं की २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो त्यांच्या जिवंतपणीचा. तिथे मरणाला कथेत काम होतं.

बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ या नभोमालिकेचं उदाहरणही इथे लागू पडतं. २२ सप्टेंबर १९५५ रोजी तबेल्याला लागलेल्या आगीत ग्रेस आर्चर मेली. त्याच रात्री ब्रिटनमध्ये आयटीव्ही ही पहिली व्यापारी दूरचित्रवाहिनी सुरू होत होती, म्हणजे डाव धंद्याचाच होता. श्रोत्यांनी फोन केले, पत्रं लिहिली, फुलं धाडली. बीबीसीनं ग्रेसला परत आणलं नाही. मालिका आजही चालू आहे.

आशुतोषच्या बाबतीत नेमकं काय दुखलं? अरुंधती ही पंचवीस वर्षं संसारात राबून शेवटी फसवली गेलेली बाई. मधुराणी प्रभुलकरांनी ती उभी केली, आणि लाखो घरांनी तिचा घटस्फोट पचवला. मग मोठी मुलं असलेल्या बाईनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा लग्न करावं की नाही, यावर घराघरांत वाद झाले. सासवा-सुना भांडल्या. हळूहळू बहुतेकांनी तिच्या बाजूनं कौल दिला. हुपरीसारख्या गावात, जिथे विधवेच्या नाहीतर टाकलेल्या बाईच्या दुसऱ्या लग्नाचा विषय आजही दबक्या आवाजात निघतो, तिथे हा कौल देणं सोपं नव्हतं. तो दिल्यावर लेखकांनी वर्षभरात आशुतोष काढून घेतला आणि अरुंधतीला पुन्हा पहिल्या सासरी, देशमुखांच्या ‘समृद्धी’ बंगल्याच्या रगाड्यात आणून सोडलं. प्रेक्षक चिडले ते या माघारीवर. बाईनं स्वतःसाठी काही मागितलं की शेवटी किंमत मोजावीच लागते, हा जुना हिशेब मालिकेनं मागच्या दारानं परत आणला, असं त्यांना वाटलं. त्यांचं वाटणं बरोबर होतं.

मराठीत नाटकाला समीक्षक आहेत, चित्रपटाला परीक्षणं आहेत. रोज कोट्यवधी लोक बघतात त्या मालिकेची समीक्षा मात्र कुणी गंभीरपणे करत नाही. ती काम हातावेगळं करता करता सोप्यात होते, आणि तिलाच खुळेपण म्हणण्याची रीत पडली आहे. हसणाऱ्यांनी एकदा ती नीट ऐकावी. पात्राचा स्वभाव कुठं मोडला, कुठल्या भागापासून लेखक बदलल्यासारखा वाटला, हे तिथे बिनचूक सांगितलं जातं.

राहिल्या वाहिन्या आणि लेखक. त्यांना सांगणं एवढंच. पात्र मारायचं तर खुशाल मारा, पण आठवडाभर आधी जाहिरातीत त्याच्या चितेचा बाजार मांडू नका, मेलेल्याला वेगळ्या टोपीखाली परत आणू नका, आणि मागे राहिलेल्या बाईच्या दुःखाला निदान तेराव्यापर्यंतचे तरी भाग द्या.