सही नको, प्रश्न पाठवा!

दोस्तांनो, शाळेत कुणी नामवंत पाहुणे आले की भाषण संपताच काय होतं? वह्या पुढे करत सगळे धावतात, ‘सर, सही! सर, सही!’

डॉ. जयंत नारळीकरांभोवतीही अशीच झुंबड उडायची. पण ते मुलांना सही देत नसत. एका पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, असं ते सांगत. मग उत्तर यायचं आणि त्याखाली सहीही असायची!

सही मागायला डोकं लागत नाही. प्रश्नाला मात्र लागतं.

हा काही रिकामा माणूस नव्हता बरं का! केंब्रिजला फ्रेड हॉएल यांच्याबरोबर विश्वाच्या रचनेवर संशोधन करून नारळीकर १९७२मध्ये भारतात परतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं. १९८८मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. संशोधन, विद्यार्थी, बैठका... तरी पोस्टकार्डांना वेळ होताच.

काही विद्वानांना वाटतं, मुलांसाठी लिहिणं म्हणजे हलकंफुलकं काम. तसं असतं तर! समजा, तुम्ही विचारलंत, ‘रात्री आकाश काळं का दिसतं?’ ‘सूर्य मावळतो म्हणून,’ असं चटकन म्हणाल. पण आकाशात तर अगणित तारे आहेत. त्या सगळ्यांचा प्रकाश मिळून रात्र लख्ख का होत नाही? या कोड्यानं भल्याभल्या शास्त्रज्ञांना घाम फोडला होता. विश्वाला वय आहे आणि फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोचलेलाच नाही, हे त्याचं मुख्य कारण. आता एवढं एका पोस्टकार्डावर बसवून दाखवा! स्वतःला नीट समजलं असेल तरच जमतं.

त्यांची आणखी एक गंमत. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप कोण? आद्याक्षरं उलटी वाचा. ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! नावाकडे बघून नव्हे, कथा वाचून परीक्षकांनी निकाल द्यावा, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं.

प्रश्नाचंही तसंच आहे. विचारणारा पहिल्या नंबराचा की शेवटच्या बाकावरचा, याला महत्त्व नाही. प्रश्न चांगला हवा.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांची सही आता मिळणार नाही. पण ‘सगळे हसतील’ म्हणून तुम्ही वर्गात गिळून टाकलेला तो प्रश्न? या आठवड्यात तो वहीत लिहा. आधी स्वतः डोकं लढवा आणि मग बाईंना किंवा सरांना विचाराच!