फसवणूक कोणाची आणि कोणासाठी?

वाचकहो, सामाजिक संशोधनात असत्याला स्थान असावे काय, या प्रश्नाचा काथ्याकूट विद्यापीठांतून चालतो. तो वाशिम जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून झाला पाहिजे, असे आमचे मत आहे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ साली राज्य शासनाला अहवाल दिला. त्यासाठी वर्धा, वाशिम आणि यवतमाळ या जिल्ह्यांत शंभरावर मृतांच्या घरी चौकशी झाली. कर्जबाजारीपणाकडे स्पष्ट बोट दाखविणारे असे अहवाल झाले हे योग्यच झाले आणि त्यांच्या कर्त्यांवर आमचा आरोप नाही. परंतु त्या ओसरीवरची परिस्थिती ध्यानात घ्या. आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरविते आणि त्यावर १ लाख रुपयांचे साहाय्य अवलंबून असते. अशा घरी वही घेऊन कोणी परका मनुष्य आला, तर त्या विधवेला तो सरकारी माणूसच वाटणार. नवरा दारू पीत होता काय, सावकाराचे किती देणे होते, घरात भांडण होते काय, ही उत्तरे ती साहाय्याच्या आशेने किंवा भीतीने देते. तिचा गैरसमज पाहूनही जो संशोधक गप्प राहतो, तो शब्दाने खोटे बोलला नसेल. पण त्याने तिला फसविलेच. पुढे अहवालात नाव बदलले म्हणून काय झाले? रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील लहान गाव, मृताचे वय, एकरांचा आकडा व साल छापले की अवघा गाव ते घर ओळखतो.

यावर काही सोवळे पंडित म्हणतील की, मग सर्वच असत्य वर्ज्य करा. ते आम्हास मान्य नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे बनावट अर्ज पाठविले. फरक केवळ नावांचा, कोठे सवर्ण हिंदू, कोठे दलित, कोठे मुस्लिम. दलित नावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता स्पष्टपणे कमी आढळली. कंपनीला आधी खरे सांगितले असते, तर तिने जातिभेद दाखविला असता काय? येथे फसविली गेली ती नोकरी देणारी सत्ता. तिचे नुकसान झाले ते अर्ज वाचण्याच्या चार मिनिटांचे; कोणाचे घर उघडे पडले नाही.

दोन्ही ठिकाणी सत्य झाकले गेले, म्हणून दोन्ही सारखीच, हा न्याय आम्ही मानीत नाही. ज्याच्याकडे नाही म्हणण्याचे बळ नाही, त्याच्यापुढे संशोधकाने आपला हेतू पूर्ण उघड केला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो बंगल्यातल्या माणसाइतकाच कुडाच्या घरातल्या बाईचाही आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने संशोधनाला सवलत ठेवली आहे, आणि तिच्या आडून कोण काय नेतो, यावर आपणच डोळा ठेवावा लागेल.

तेव्हा वाशिमच्या वाचकांनो, दारी वही घेऊन आलेल्यास बसावयास द्या, पाणी द्या; आणि उत्तर न दिल्यास आमचे साहाय्य थांबते काय, हे त्याच्याकडून प्रथम कागदावर लिहून घ्या.