पदकानंतरची पोकळी

वाचकहो, संकटाच्या काळात मन खचते, हे आपण सारेच जाणतो. परंतु संकट सरल्यावर, हाती घेतलेले कार्य तडीस गेल्यावर, भोवतीचे लोक ‘सुटलात एकदाचे’ असे म्हणत असतानाही मन खचू शकते, याची कल्पना फार थोड्यांना असते. ज्येष्ठांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या वाट्याला ही अवस्था वरचेवर येते. म्हणून तिचा विचार आज एका जर्मन ज्युदोपटूच्या क्रीडाजीवनाच्या आधारे करू.

आना-मारिया वाग्नर हिचा जन्म १९९६ सालचा, दक्षिण जर्मनीतील राफेन्सबुर्ग येथला. ७८ किलो हा तिचा वजनी गट. ऑलिंपिकमध्ये एका वजनी गटात एका देशाची एकच महिला खेळू शकते आणि या गटात जर्मनीकडे जागतिक दर्जाच्या दोघी होत्या : वाग्नर आणि लुईझे माल्त्सान. त्यातच महामारीमुळे टोकियोचे ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले आणि ती चुरस तितकीच लांबली. अखेर जून २०२१ मध्ये बुडापेस्ट येथे वाग्नर विश्वविजेती ठरली. १९९३ मधील योहाना हागननंतर हा मान एकाही जर्मन महिलेला लाभला नव्हता. पुढच्याच महिन्यात टोकियोला तिने वैयक्तिक कांस्यपदक मिळवले आणि मिश्र सांघिक स्पर्धेतही ती कांस्यपदक विजेत्या संघात होती.

दोन महिन्यांत एक विश्वविजेतेपद आणि दोन ऑलिंपिक पदके! यानंतर आनंदाचे दिवस यावेत, असेच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिला नैराश्याने घेरले. ज्या खेळासाठी सारे आयुष्य बेतले होते, त्याची ओढच उरली नाही. ही गोष्ट तिने दडवून ठेवली नाही. ऑलिंपिकनंतरच्या नैराश्याविषयी ती उघडपणे बोलली, तज्ज्ञांचे साहाय्य तिने घेतले आणि काही काळ ती स्पर्धांपासून दूर राहिली.

असे का व्हावे? मोठे ध्येय माणसाला केवळ कष्टवीत नाही, ते त्याच्या दिवसाला आकार देते. केव्हा उठावे, काय खावे, कोणाला भेटावे, हे सारे ध्येयच ठरवत असते. ते गाठले, की थकवा तेवढा उरतो आणि आकार नाहीसा होतो. जवळची माणसे अभिनंदन करत असल्याने दुःख सांगण्याचीही चोरी होते.

आता आपल्या घरांकडे वळू. पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ, शेवटच्या मुलीचे लग्न पार पाडलेली आई, अंथरुणाला खिळलेल्या पतीची वर्षानुवर्षे सेवा करून आता एकट्या राहिलेल्या आजी, यांच्या गळ्यात पदक नसते इतकेच. सकाळी सातची गोळी, दहाचे अंग पुसणे, दुपारची कूस बदलणे या क्रमाने ज्यांचा दिवस चालत असे, त्यांच्यापुढे तो एकाएकी मोकळा पडतो. त्यात सुटकेची भावना मनाला शिवली, की अपराधी वाटू लागते. वाचकहो, दीर्घ सेवेनंतर सुटका वाटणे हा कृतघ्नपणा नव्हे. दुःख आणि सुटका एकाच मनात शेजारी शेजारी राहू शकतात.

शोक आणि थकवा स्वाभाविक आहेत. मात्र उदासी, कशातच गोडी न वाटणे, झोप वा भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस टिकली, तर वैद्यांना भेटलेच पाहिजे. उतारवयात नैराश्य पुष्कळदा शारीरिक तक्रारींच्या रूपाने येते : अंग दुखते, पोट ठीक नसते, विसरायला होते. ‘वयच झाले’ म्हणून ते सोडून दिले जाते. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा चालू असलेले एखादे औषध यांमुळेही अशी लक्षणे दिसू शकतात; म्हणून तपासणी आवश्यक. चालू औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत. जगणे नकोसे झाल्याचे बोल कानी पडले, तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

वाग्नर पुन्हा गादीवर उतरली. मे २०२४ मध्ये अबुधाबीला तिने दुसऱ्यांदा विश्वविजेतेपद पटकावले. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनास बास्केटबॉलपटू डेनिस श्रोडर याच्यासह जर्मनीचा ध्वज वाहण्याचा मान तिला मिळाला. वैयक्तिक स्पर्धेत मात्र उपान्त्य लढत आणि नंतर कांस्यपदकाचीही लढत गमावून ती पाचवी आली. हा शेवट आवर्जून सांगण्याचे कारण असे, की मनाचे बरे होणे पदकांनी मोजायचे नसते. पदके मिळाली तेव्हा ती आजारी पडली होती. बरी झाल्यावर जिंकलीही आणि हरलीही.

शुश्रूषेचे काम संपलेल्या व्यक्तीस लगेच नव्या कामाला जुंपू नये आणि पूर्ण रिकामेही ठेवू नये. प्रथम विश्रांती, स्वतःची राहिलेली वैद्यकीय तपासणी. मग दिवसाला आधार देणाऱ्या दोन-तीन ठरलेल्या गोष्टी : सकाळचे फिरणे, कुणाच्या तरी सोबतीने जेवण, आठवड्यातून एक ठरलेली भेट. आणि कुटुंबीयांनो, ‘आता काय, मोकळ्या झालात!’ हे वाक्य तेवढे टाळा. त्याऐवजी ‘दुपारचा वेळ कसा जातो?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसून राहा.