जमिनीतले पाणी उन्हात

उन्हाळ्यात मराठवाड्यातून जाताना उंच बांधांची, प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी दिसतात. रखरखाटात काठोकाठ भरलेली. त्यांतल्या अनेकांत पाऊस नसतो, बोअर असतो.

खरे तर शेततळे आजच्या पावसासाठीच हवे. तो आता थोड्या दिवसांत बदाबदा कोसळतो आणि मग दडी मारतो. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला; सप्टेंबर २०२५मध्ये याच मराठवाड्यातली पिके पाण्याखाली गेली. वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि खंड पडला की सोयाबीनला एखादे संरक्षित पाणी द्यायचे, एवढ्यासाठी तळे.

पण चारही बाजूंनी बांध उंचावल्यावर शिवारातले पाणी आत शिरणार कुठून? मग मोटार लावायची. हिवाळ्यात विहीर-बोअर उपसून तळे भरायचे आणि मेपर्यंत मोसंबी-डाळिंब जगवायचे. तीस बाय तीस मीटरच्या भरल्या तळ्यावरून उन्हात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडाले, तरी सात हजार लिटर गेले. खडकाच्या भेगांत होते तेव्हा त्याला ऊन लागत नव्हते.

शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होता येत नाही. त्या भेगा सात-बारा पाहत नाहीत. आपण उपसले नाही तर शेजारी उपसणार. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागांचे सरपण झालेले ज्याने पाहिले, त्याने दुसरे काय करावे? फक्त ज्याच्याकडे ना बोअर ना कागद, त्याची विहीर सर्वांत आधी आटते.

कायदा आहे. २००९च्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. बोअरच्या गाड्यांना तो बहुधा कोणी वाचून दाखवलेला नाही! हिवरे बाजार या गावाने मात्र कायद्याची वाट न पाहता शेतीसाठीचे बोअर बंद केले. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिके ठरवतात.

प्रत्येक गाव हिवरे बाजार होणार नाही, मान्य. पण तळ्याची लांबी-रुंदी मोजायला टेप घेऊन जाणाऱ्या सरकारी माणसाला पाणी आत येण्याची वाट आहे की नाही, हेही दिसतेच. ती नसेल तर तळ्याचे सरकारी अनुदान थांबवा. आणि कागदाचे पैसे गावाने ग्रामसभेत ताळेबंद मांडल्यावरच द्या.